‘ती नोकरी घे’

“कोण?”

देगलूरकरबाईंनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. कारखान्यातला माझा दुसरा की तिसरा दिवस होता. पर्सोनेल खात्यात कनिष्ठ अधिकारी म्हणून नुकताच लागलो होतो. शिफ्टच्या बसचा रस्ता बदलणार होता, त्याची नोटीस लिहून आणायला बाईंनी सांगितलं. कॉलेजात शिकलेलं सगळं इंग्रजी पणाला लावून मी कागद त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, “हे मला मराठीत सांगा.”

“सर्व संबंधितांना कळविण्यात येते की...”

“कोण कळवतंय?”

“कंपनी.”

“कंपनीला तोंड आहे का? बस कुणी बदलली?”

“ट्रान्सपोर्टच्या राजूंनी. तुमची सही आहे त्यावर.”

“मग तसंच लिहा. ‘राजूंनी आणि मी मिळून बसचा रस्ता बदलला आहे. चौकात आता बस थांबणार नाही. ज्यांना तकलीफ होईल त्यांनी मला येऊन भेटावं.’ आणि खाली माझं नाव. अनंतराव, जो करतो त्याचं नाव वाक्यात पाहिजे. नाव लपवायची एकदा सवय लागली की माणूस काहीही करायला मोकळा होतो.”

नोटीस इंग्रजीत, तेलुगूत आणि उर्दूत लागली. तेवढ्यानं बाईंचं भागायचं नाही. जेवणाच्या सुट्टीत त्या स्वतः कँटीनमध्ये गेल्या आणि आधी तेलुगूत, मग दख्खनीत सगळं सांगितलं. हातात कागद नव्हता. दोघी-तिघींनी तिथंच आवाज चढवला. बाईंनी ऐकून घेतलं, आणि पुढच्या आठवड्यापासून बस चौकाच्या थोडं अलीकडं थांबायला लागली.

निजामाच्या जुन्या राजधानीत, बालानगरच्या त्या कारखान्यात मिक्सर तयार व्हायचे. ‘वैजयंती’ हे नाव त्या काळी तेलंगणातल्या आणि मराठवाड्यातल्या स्वयंपाकघरांत चांगलं माहितीचं होतं. मिक्सरच्या मोटारीवर तांब्याची तार गुंडाळायची, त्याला वाइंडिंग म्हणतात. ते काम बहुतेक सगळं बायकांच्या हातात होतं. मालक वेंकटरत्नम. मोटारी दुरुस्त करण्याच्या एका पत्र्याच्या शेडपासून त्यांनी सुरुवात केली होती, आणि अजूनही एखादं मशीन अडलं की सदऱ्याच्या बाह्या सारून वाकायचे. बाई त्यांच्याकडं जवळजवळ सुरुवातीपासून होत्या.

तेलुगू बायका त्यांना अम्मा म्हणत. जुन्या शहरातून येणाऱ्या मुसलमान बायका आपा म्हणत, आणि आम्ही चार-दोन मराठी माणसं बाई. उंच, खांद्यात किंचित वाकलेल्या, अंगावर नारायणपेठी साडी आणि पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट. मशीनं चालतात त्या शॉपमध्ये तारेचे तुकडे पडलेले असतात, चपलेतून टोचतात, म्हणून बूट. पण त्याच बुटांनी त्या लग्नामुंजींनाही जात. दुपारी टेबलाच्या कोपऱ्यावर ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी. जेवतानाही खोलीचं दार उघडं. कुणी डोकावलं तर “ये, बोल, मी जेवत जेवत ऐकते” म्हणायच्या.

हिमायतनगरला थोरल्या बहिणीबरोबर त्या राहत. लग्न का केलं नाही, हे कुणी विचारल्याचं मला माहीत नाही. वडील निजामाच्या अमलात देगलूरच्या कचेरीत पेशकार होते, अर्ज आणि दावे साहेबापुढं वाचून दाखवायचे. बाईंची उर्दू तिथली. त्यांची मराठी मात्र पुण्याच्या माणसाला दचकवणारी होती. ‘फिजूल’, ‘मतलब’, ‘जबान’ हे शब्द तर पावलोपावली, आणि मी घाई केली की, “गडबड नक्को अनंतराव, गाडी सुटत नाही कुठं.”

वेंकटरत्नम साहेबांना एक वाक्य फार आवडायचं. कारखान्याच्या वार्षिक समारंभात ते माइक हातात घेत आणि भरल्या गळ्यानं म्हणत, “आपण सगळे एक कुटुंब आहोत.” बायका टाळ्या वाजवत. एका वर्षी समारंभाच्या दुसऱ्या दिवशी बाई फाइल घेऊन त्यांच्या केबिनमध्ये गेल्या. मी मागं उभा होतो.

“साहेब, ते कुटुंबाचं बोलत जाऊ नका.”

“का? मी खोटं बोलतो?”

“खोटं नाही. पण धंदा बसला म्हणून घरातल्या पोराला कुणी काढत नाही. तुम्हाला उद्या कुणाला तरी काढावं लागेल. नोकरी गेल्याचं दुःख त्याला होईलच, त्यावर बापानं टाकल्याचं आणखी कशाला? तुम्ही मालक आहात. चांगले मालक आहात. तेवढं पुष्कळ आहे.”

साहेब बराच वेळ हसत राहिले. “तुमच्याशी बोलणं म्हणजे उपाशीपोटी कडुलिंबाचा रस,” असं काहीसं म्हणाले. पण पुढच्या वर्षी माइकवर ते ‘माझे कामगार’ म्हणाले, आणि टाळ्या तेवढ्याच पडल्या.

हे सगळं वाचून बाई म्हणजे कुणी सत्याची मूर्ती होत्या असं वाटेल. तसं नव्हतं. त्यांच्या बोलण्यानं माणसं दुखावत, आणि कधीकधी विनाकारण दुखावत. आमच्याकडं सरोजा नावाची टायपिस्ट होती. मुलगी कष्टाळू, पण हातून चुका फार. तिचं लग्न ठरलं, ती पेढे घेऊन बाईंच्या टेबलाशी आली, आणि बाईंनी पेढा घेता घेता तिला सांगितलं की टायपिंगमध्ये तिला कायम करता येणार नाही, स्टोअर्समध्ये जागा आहे, तिथं जावं. पेढ्याचा पुडा तिथंच टेबलावर ठेवून सरोजा बाहेर गेली. बाई त्या पुड्याकडं बघत राहिल्या.

“खरं होतं ते,” मी उगाच म्हणालो.

“खरं होतं. वेळ चुकली.” मग पुडा उचलत म्हणाल्या, “खऱ्यालाही वेळ असते, अनंतराव. पण वेळच बघत बसलं तर ते दुधासारखं नासतं. मला अजून जमत नाही ते.”

संध्याकाळी त्या सरोजाच्या घरी जाऊन आल्या. काय बोलल्या ठाऊक नाही. सरोजा स्टोअर्समध्ये गेली आणि तिथं रमली, पण बाईंच्या खोलीत ती पुन्हा कधी आपणहून आली नाही.

नव्वदीच्या सुरुवातीची ती वर्षं. बघता बघता गच्च्यांवर टीव्हीच्या मोठ्या छत्र्या उगवल्या. आबिद्सच्या दुकानांत काचेमागं परदेशी मिक्सर दिसायला लागले, पांढरेशुभ्र, आमच्या मिक्सरच्या निम्म्या आवाजाचे. आमचे डीलर साहेबांना भेटायला आले की पूर्वी दसऱ्याचं आमंत्रण द्यायचे. आता सूट मागायचे. ‘आता सगळं खुलं झालंय’ हे वाक्य कँटीनमधला चहावालाही बोलायचा. काय खुलं झालंय, हे मात्र ज्याचं त्यानं ठरवायचं होतं.

त्याच सुमारास साहेबांचा मुलगा किरण अमेरिकेतून शिकून परत आला. मुलगा वाईट नव्हता. कामगारांना नावानं ओळखायचा प्रयत्न करायचा, सकाळी सगळ्यांच्या आधी यायचा. त्याला आकडे दिसत होते आणि ते खोटे नव्हते. वैजयंती मिक्सर दर महिन्याला थोडा थोडा कमी खपत होता. त्यानं मुंबईहून एक सल्लागार आणला. त्या गृहस्थांनी पडद्यावर चित्रं दाखवून आम्हाला सांगितलं की यापुढं कुणाला ‘काढलं’ म्हणायचं नाही, कंपनी ‘योग्य आकाराची’ झाली म्हणायचं. बाईंनी हात वर केला. “मतलब, जो बाहेर गेला तो अयोग्य आकाराचा होता?” सगळे हसले. बाई हसल्या नव्हत्या.

एका सकाळी किरणनं बाईंना केबिनमध्ये बोलावलं. ओव्हरटाइमच्या पाळ्या मी लावायचो, म्हणून मलाही. साहेब खिडकीशी पाठमोरे उभे होते. किरणनं दार लावलं आणि सांगितलं की बाहेरची एक मोठी कंपनी ‘वैजयंती’ घ्यायला तयार आहे. नाव घेणार आणि डीलर घेणार. कारखाना नको होता त्यांना; मिक्सर त्यांच्याकडंच बनणार होते.

बाईंनी विचारलं, “आमच्या माणसांचं काय?”

“कायद्यानं जे होतं ते सगळं देऊ. वर थोडं जास्त देऊ. पॅकिंग आणि दुरुस्ती विभाग ते इथंच चालू ठेवणार आहेत. तेवढी माणसं वाचतील.”

“त्यांना कळणार कधी?”

“सही झाल्यावर. दिवाळीनंतर.” आणि मग किरण हात जोडल्यासारखा पुढं झुकला. “मॅडम, हे बाहेर फुटलं तर डीलर पळतील. डीलर पळाले तर ती कंपनी किंमत पाडेल. मग कामगारांना द्यायला आमच्याकडं काय उरेल? गप्प बसणं त्यांच्याच भल्याचं आहे.”

यात खोटं काही नव्हतं. बाईंनाही ते कळत होतं. त्यांनी साहेबांच्या पाठीकडं पाहिलं. साहेब वळले नाहीत. मग त्या म्हणाल्या, “ठीक आहे. मी कुणाला सांगणार नाही. जबान दिली.” मीही मान हलवली.

एवढ्यावर थांबलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. पण त्या कंपनीला सहीच्या आधी भरपूर तयार माल हवा होता, आणि त्यासाठी बायकांनी जास्त तास काम करायला हवं होतं. आठवड्याभरानं किरणनं पुन्हा बोलावलं. बाईंनी कँटीनमध्ये जाहीर करावं की कंपनी वाढतेय, नवीन भांडवल येतंय, म्हणून ओव्हरटाइम आहे.

“तुमच्यावर त्यांचा विश्वास आहे,” तो म्हणाला.

“म्हणूनच नाही,” बाई म्हणाल्या. “गप्प बसायचं मी कबूल केलंय. खोटं बोलायचं नाही.”

“मॅडम, भांडवल खरंच येतंय.”

“कुणाच्या घरी येतंय, किरणबाबू?”

शेवटी किरणनंच लाउडस्पीकर लावून ते जाहीर केलं. लाडू वाटले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. बाई मागच्या खांबाशी उभ्या होत्या. कुणीतरी त्यांच्या हातावर लाडू ठेवला, तो त्यांनी पदराच्या टोकात बांधला. खाल्ला की नाही, मी पाहिलं नाही.

त्यानंतरचे आठवडे मला चांगले आठवतात, कारण कारखान्यात इतका उत्साह मी आधी कधी पाहिला नव्हता. एकीनं मुलाला शिकवणी लावली. एकीनं गावाकडं सासूला कळवलं की आता शहरातच कायमचं राहायचं. रोज कुणीतरी येऊन बाईंना असं काहीतरी सांगायचं, आणि बाई “हां, हां” म्हणत खाली बघून पेन्सिलीला टोक काढायच्या. त्यांचं दार पहिल्यांदाच दुपारी बंद दिसायला लागलं. मी एकदा भीत भीत विचारलं, तर म्हणाल्या, “गप्प बसणं आणि खोटं बोलणं यात फरक आहे, असं मी त्या दिवशी मोठ्या तोऱ्यात बोलले. तो फरक रोज थोडा कमी होत चाललाय.”

नरसम्मा वाइंडिंगची जुनी बाई. अबोल, कामात तरबेज, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दसऱ्याच्या आधीची गोष्ट. जेवणाच्या सुट्टीत तिनं बाईंच्या दारावर टकटक केलं. मी आत होतो. तिच्या मागं आणखी चौघी-पाचजणी उभ्या होत्या, त्यांना ओव्हरटाइमचं काहीतरी विचारायचं होतं. नरसम्मानं तेलुगूत सांगायला सुरुवात केली. तिच्या दिरानं खटपट करून भोनगीरच्या सरकारी वसतिगृहात स्वयंपाकिणीची जागा मिळवली होती. पगार इथल्यापेक्षा कमी. पण जागा पक्की. सोमवारी हजर व्हायचं होतं, नाहीतर दुसरीला जाणार. घरातले म्हणत होते, एवढी वाढती कंपनी सोडून कुठं जातेस?

आणि मग तिनं सरळ विचारलं, “अम्मा, फॅक्टरी उंटुंदा, पोतुंदा?”

राहणार, की जाणार?

बाईंना उत्तर टाळता आलं असतं. ‘तुझं तू ठरव’ एवढं म्हटलं असतं तरी शब्द मोडला नसता. ते म्हणायला त्यांनी तोंड उघडल्याचं मी पाहिलं. मग त्यांनी नरसम्माकडं नीट पाहिलं आणि म्हणाल्या, “आ उद्योगम तीसुको.”

ती नोकरी घे.

नरसम्माच्या मागच्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. एकीनं हातातला डबा खाली ठेवला. काही विचारायची गरज कुणालाच वाटली नाही. सुट्टी संपल्याचा भोंगा झाला, आणि वाइंडिंगचं एकही मशीन सुरू झालं नाही.

बाई उठल्या, बुटांचे बंद नीट बांधले आणि साहेबांच्या केबिनकडं निघाल्या. “तुम्ही इथंच थांबा, यात तुमचं काही नाही,” मला म्हणाल्या. पण मी मागोमाग गेलो.

“मी नरसम्माला सांगितलं,” त्या आत जाताच म्हणाल्या. “खाली सगळ्यांना कळलंय. तुम्ही येऊन बोला. आता माझ्या बोलण्यानं भागणार नाही.”

किरण खुर्चीतून उठला. “तुम्ही शब्द दिला होता!”

“दिला होता. मोडला.”

“एवढं साधं सांगताय?”

“मग कसं सांगू? शब्द दिला तेव्हा माझ्या मनात खोट नव्हती. पण ती माझ्यासमोर उभी राहून विचारत होती. मी चुकले असेन. पण मी केलं, आणि जाणूनबुजून केलं.” त्यांनी टेबलावरचा कागद ओढला आणि उभ्यानंच राजीनामा लिहिला.

वेंकटरत्नम साहेबांनी तो कागद वाचला नाही. “इतकी वर्षं,” ते म्हणाले, “एकदा मला विचारायचं होतं.”

“त्या दिवशी तुम्ही खिडकीकडं बघत होतात, साहेब.”

मला वाटलं ते संतापतील. ते उठले, चष्मा सदऱ्याच्या खिशात घातला आणि जिना उतरून खाली गेले. कँटीनमध्ये माइक नको म्हणाले. तेलुगूत, अडखळत, त्यांनी सगळं सांगितलं. मी कारखाना विकतोय, म्हणाले. मला तो चालवता येत नाही. मी तुम्हाला सांगायला घाबरलो. बायका ऐकत होत्या. कुणी शिवी दिली नाही, कुणी रडलंही नाही. मागच्या बाकावर एक म्हातारी वाइंडर होती, तिनं विचारलं, “मग लाडू कशाचे होते?”

पुढं काय झालं ते सांगतो, कारण ते सांगितलं नाही तर बाईंची गोष्ट खोटी होईल.

कारखान्यातल्या युनियननं तयार मालाचे ट्रक अडवले. कामगार काही दिवस फाटकावर बसून राहिले. त्यातून सगळ्यांना आधी ठरल्यापेक्षा चांगली भरपाई मिळाली, आणि बऱ्याच जणींना दुसरं काम शोधायला वेळ मिळाला. नरसम्मा भोनगीरला गेली. हे एवढंच सांगितलं तर बाई जिंकल्या असं होईल. पण ट्रक अडवल्यानं ती कंपनी बिथरली. डीलर घेतले, नाव घेतलं, आणि पॅकिंग-दुरुस्ती विभाग इथं ठेवायचं कलम त्यांनी करारातून काढून टाकलं. तो विभाग बंगळूरला गेला. ज्या माणसांची नोकरी वाचणार होती, त्यांची गेली.

त्या माणसांना बाई घरोघरी जाऊन भेटल्या. तसं करायला बाईंना कुणी सांगितलं नव्हतं. रविवारी मी स्कूटर घेऊन हिमायतनगरला जायचो आणि त्या मागं बसायच्या. काहींनी बसवून चहा दिला, काहींनी दारातूनच परत पाठवलं.

रहीमाबी पॅकिंगमध्ये होती. जुन्या शहरात, एका अरुंद गल्लीत तिचं घर. नवऱ्याची नजर गेलेली, तो पलंगावर बसून आमच्या आवाजाच्या दिशेनं मान वळवत होता. घरात कमावणारी तीच एक. तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं. बाईंनी पाणी प्यायच्या आधी सांगितलं, “रहीमा, तुम्हारी नौकरी मेरे बोलने से गई.”

“मालूम है, आपा.”

“मैं वो बताने कोच आई.”

रहीमाबी उभीच होती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, उलगडत होती. मग म्हणाली, “आप सच बोल दिए, आपा. सब लोगां बोल रैं, आपा बड़े सच्चे हैं. सच से मेरा चूल्हा जलता क्या?”

“नहीं जलता,” बाई म्हणाल्या.

त्यांनी स्वतःची बाजू मांडली नाही, नरसम्माचं नाव घेतलं नाही, कंपनीनं काय केलं असतं नि काय नसतं याचा हिशेब सांगितला नाही. रहीमाबी वाट बघत होती, बहुतेक भांडायची तिची तयारी होती. समोरून काहीच येत नाही म्हटल्यावर ती मटकन जमिनीवर बसली आणि तोंडावर ओढणी घेतली. बाई खुर्चीवरून उतरून तिच्याशेजारी बसल्या. तिला हात लावला नाही. नवरा पलंगावरून विचारत राहिला, “कौन है? कौन आया?”

परत येताना नदीवरचा नया पूल ओलांडल्यावर मागून बाईंचा आवाज आला. वाऱ्यानं अर्धा उडत होता, म्हणून मी स्कूटर कडेला घेतली.

“नरसम्मा समोर उभी होती,” त्या म्हणाल्या. “रहीमा नव्हती. एवढंच झालं, अनंतराव. जो समोर येऊन विचारतो, त्याच्याशी खरं बोलणं सोपं आहे. जो समोर नाही, त्याचं काय करायचं, ते मला कुणी शिकवलं नाही.”

मग म्हणाल्या, “चला. बहीण जेवायची थांबली असेल.”

कारखान्याच्या जागेवर पुढं घरं उठली. मी एका औषधाच्या कंपनीत लागलो. तिथंही नोटिसा लिहायच्या असत, आणि तिथं त्या ‘कळविण्यात येते’ अशाच लागत. बाईंना पहिली काही वर्षं दसऱ्याला भेटायचो. त्यांना दोन-तीन कंपन्यांनी बोलावलं होतं, असं बहिणीकडून कळलं. त्या गेल्या नाहीत. नंतर बहीण वारली, घर बदललं आणि आमची गाठभेट सुटली.

मग माझे वडील आजारी पडले. रेल्वेतून निवृत्त होऊन ते तारनाक्याला राहत होते. फुप्फुसाचा विकार बळावला आणि कोठी भागातल्या एका धर्मादाय इस्पितळात त्यांना ठेवावं लागलं. डॉक्टर चांगले होते, पण रोज एकच वाक्य बोलायचे, “बघू या, उद्या ठरवू.” मी त्या ‘उद्या’ला धरून होतो. एका दुपारी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो असताना ओळखीचा आवाज आला. देगलूरकरबाई. केस पूर्ण पांढरे झाले होते, खांदे आणखी वाकले होते.

दुपारची त्या तिथं काम करत. पगार नव्हता. रुग्णांच्या नातेवाइकांना डॉक्टरांचं म्हणणं समजावून सांगायचं, ज्याला जी भाषा येते त्या भाषेत. त्यांनी माझ्या घरच्यांची चौकशी केली, मग माझ्या शेजारी बसल्या.

“मी डॉक्टरांशी बोलून आले. तुम्हाला सांगायची त्यांची परवानगी घेतली. वडील बरे होणार नाहीत, अनंतराव. आज शुद्धीवर आहेत, बोलतायत. घरी न्यायचे असतील तर आज न्या. उद्याचं कुणी सांगू शकत नाही.”

मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की मी तोंड फिरवलं. त्या बसून राहिल्या. मी काहीबाही बोललो, डॉक्टरांना, इस्पितळाला, बहुधा त्यांनाही. त्यांनी एकदाही समजूत घातली नाही. मग मी विचारलं, “त्यांना स्वतःला माहीत आहे का?”

“त्यांनी मला काल विचारलं होतं.”

“आणि?”

“खरं ते सांगितलं. तुमच्याशी बोलायला घाबरत होते. तुम्ही आशेवर आहात म्हणाले.”

त्याच दुपारी वडिलांना घरी आणलं. पुढं थोडेच दिवस ते होते, पण आपल्या खाटेवर होते. आम्ही बोललो. कधी न बोललेलं बोललो. त्यातलं काही इथं लिहिण्यासारखं नाही.

त्यानंतर बाईंची भेट झाली नाही. इस्पितळात चौकशी केली तेव्हा त्या भाचीकडं नांदेडला गेल्याचं कळलं, आणि पुढं काही वर्षांनी त्या वारल्याचंही.

त्या दुपारी वडिलांना अँब्युलन्समध्ये चढवताना उशी कशी ठेवायची ते बाईंनी वॉर्डबॉयला दाखवलं होतं. माझ्या वडिलांचा हात त्यांनी थोडा वेळ धरला, आणि गाडी सुरू झाल्यावर बाजूला झाल्या. फाटकातून वळताना मी मागच्या काचेतून पाहिलं. पायऱ्यांवर एक तेलुगू बाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिनं बाईंचं मनगट घट्ट पकडलं होतं आणि ती वर बघत काहीतरी विचारत होती. बाईंनी अजून उत्तर दिलं नव्हतं. गुडघ्यावर हात टेकत त्या सावकाश तिच्या पायरीवर बसत होत्या.